तिसऱ्या खांबाची साक्ष

मी मोहझरीच्या टेकडीवरचा मनोरा बोलतोय. गोड बोलायला मी तोंड उघडलेलं नाही. शाळेतली मुलं माझ्यावर निबंध लिहितात. त्यात मी ऊन-पाऊस आनंदानं सोसतो आणि येणाऱ्याजाणाऱ्याला प्रेमानं वर बोलावतो. मी कुणाला बोलावत नाही. माणसं मला आवडत नाहीत, आणि त्याला कारण आहे.

माझ्यावरून पडून एक माणूस मेला. तो कसा मेला हे तिघांनाच ठाऊक होतं. एक मी, दुसरी त्याची बायको आणि तिसरा तो, ज्यानं ते अठरा वर्षं झाकून ठेवलं.

पण आधी माझं सांगतो. माझा जन्म एकोणीसशे एकतीस सालचा. मोहझरीत श्रावणबुवा नावाचे कवी होते. दिवसभर स्वतःच्या वावरात राबायचे आणि दिवस कलला की या टेकडीवर येऊन बसायचे. खाली जे दिसेल ते गाण्यात बांधायचे. कुणाच्या पऱ्हाटीला बोंडं फुटली, कुणाची म्हैस हरवली, बंजाऱ्यांच्या तांड्यात कुणाच्या लग्नाचा ढोल वाजतोय, सगळं. बुवा गेले तेव्हा गाव म्हणालं, ते जिथून पाहायचे तिथून सगळ्यांनी पाहावं. म्हणून मला बांधलं. आठ कोनांचा, तीन मजल्यांचा, काळ्या दगडाचा. सत्तावन्न पायऱ्या. चुन्यात गूळ आणि बेलफळाचा गर घालून तो बैलांच्या घाणीत मळलेला. दगड पाठीवरून वर आणले ते तांड्यातल्या माणसांनी. उद्घाटनाच्या दिवशी त्यांना मांडवाच्या बाहेर बसवलं होतं, तेही माझ्या लक्षात आहे.

सुरुवातीची वर्षं बरी गेली. उन्हाळ्यात जंगलखात्याचा एक माणूस माझ्या माथ्यावर बसून राहायचा. सागाच्या रानात कुठं धूर दिसला की खाली धावत जाऊन सांगायचा. मोहफुलं वेचायला झाडाखालचा पाला पेटवतात, तोच वणवा कितीदा माझ्यामुळे वेळेत विझला. नंतर तो माणूस यायचा बंद झाला. मग आले ते दारू प्यायला आलेले, आणि दगडावर खिळ्यानं नाव कोरणारे. वर्षातून एकदा श्रावणबुवांची जयंती. स्मारक समितीचे लोक त्या दिवशी झाडून घ्यायचे, भाषणं करायचे, आणि जाताना चिवड्याचे कागद टाकून जायचे.

एका मृगात माझ्या माथ्यावर वीज पडली. पूर्वेकडचा दगडी कठडा कोसळला. त्या जागी लोखंडी कठडा बसवायचं समितीनं ठरवलं. समितीचा सचिव होता घनश्याम. गावातला मोठा शेतकरी, तेव्हा चाळिशीच्या आतबाहेरचा. मिस्त्री म्हणाला, "भाऊ, खांबाले दगडात हातभर तरी भोक पाडा लागते."

घनश्याम म्हणाला, "हातभर कोरत बसला त आठ दिवस जातीन. जयंती तोंडावर हाय. उथळ कर, खाली विटकर-माती भर अन् वरून सिमेंट फिरव. कोन पाहाते?"

मी पाहत होतो. एकूण पाच खांब. चार कसेबसे वीतभर गेले. तिसरा चार बोटं.

त्यानंतर पाच वर्षांनी, दोन हजार सहा साली, मला पंचाहत्तर वर्षं झाली. यवतमाळहून मोठे पाहुणे येणार होते. मला वरपासून खालपर्यंत चुना मारायचा ठरला आणि ते काम तांड्यातल्या बाबूसिंगला दिलं. बत्तीस वर्षांचा, सडपातळ माणूस. गळ्यात माळ घातलेली होती, दारूला शिवत नसे. तांड्यातली पोरं त्यावरून त्याची टिंगल करायची, असं तोच हसत सांगायचा. त्याची बायको धनीबाई खाली टाकीत चुना कालवून बादल्या भरून द्यायची.

बाबूसिंग माझ्याशी बोलायचा. कुंचा फिरवता फिरवता म्हणायचा, "थांब बावा, अठी राह्यलं तुह्यं." एवढ्या वर्षांत माझ्याशी बोललेला तो एकच.

तिसऱ्या दिवशी पूर्वेची बाजू तेवढी राहिली. परांची बांधायला वेळ नव्हता, म्हणून कठड्याच्या खांबाला दोर बांधून त्यावर फळी सोडायची होती. बाबूसिंगनं तिसरा खांब हलवून पाहिला आणि वरूनच हाक दिली.

"भाऊ, हा खांब हालून राह्यला!"

घनश्याम खाली सावलीत खुर्ची टाकून बसला होता. तो म्हणाला, "हालते त हालू दे. तुले का त्याच्यावर माडी बांधाची हाय? सांजपर्यंत झालं पायजे. उद्या पाहुणे हायेत."

"दुसरीकडून बांधतो ना भाऊ. उद्या सकाळी लवकर येऊन..."

"उद्या-बिद्या काही नाई. नसन होत त उतर खाली. तांड्यात मानसं कमी नाईत."

बाबूसिंगनं खांब पुन्हा एकदा हलवून पाहिला. मग त्यानं त्याच खांबाला दोर बांधला.

दुपारी तीनचा सुमार असेल. तो फळीवर बसून खाली झुकला, दोराला हिसका बसला आणि तिसरा खांब माझ्यातून निघाला. मी त्याला धरून ठेवू शकलो नाही. धरायला माझ्या हाती मातीच दिली होती. माणूस, फळी आणि खांब तिन्ही एकदम खाली गेले. धनीबाई बादली घेऊन वर बघत उभी होती. खांब तिच्यापासून दोन हातांवर आदळला.

माणसं धावली. पडलेल्या खांबाकडं कुणाचं लक्ष गेलं नाही, खाट आणली. बाबूसिंगला खाटेवर घालून टेकडी उतरू लागली आणि धनीबाई आरडत मागे पळाली. टेकडीवर एकटा घनश्याम राहिला. आधी तो मटकन खाली बसला. दोन्ही हातांनी तोंड झाकलं. क्षणभर मला वाटलं, हा आता रडेल. मग तो उठला. पडलेला खांब खांद्यावर घेऊन सत्तावन्न पायऱ्या चढला. जाग्यावर उभा केला, आडव्या पट्ट्यांना तारेनं आवळला, आणि बुडाशी सिमेंट लावलं. थापी त्यानं सफाईदार फिरवली.

बाबूसिंग रस्त्यापर्यंतही पोचला नव्हता. वाटेतच गेला.

संध्याकाळच्या आत हवालदार आला. घनश्याम म्हणाला, "घेऊन होता साहेब. आम्ही नको म्हनत होतो." झुडपात बाटली सापडली. झुडपात बाटल्या नेहमीच असतात, त्या दिवशी अकरा होत्या. त्यातली एक पंचनाम्यात गेली.

धनीबाई परत टेकडीवर आली होती. लुगडं चुन्यानं आणि रक्तानं माखलेलं. ती ओरडली, "खांब उपटला! त्याच्यासंगं खांब खाली आलता! म्या माह्या डोयानं पाह्यलं!"

हवालदारानं खालूनच मान वर केली. "बाई, खांब त जाग्यावर हाय."

तो वर चढला असता, बुडाशी बोट लावलं असतं, तर ओलं सिमेंट बोटाला लागलं असतं. पण सत्तावन्न पायऱ्या चढायचा त्याला कंटाळा आला. कागदावर लिहिलं गेलं, मद्यप्राशन करून तोल गेला. दुसऱ्या दिवशी पाहुणे आले, हार घातले गेले. दारू पिऊन पडलेल्या माणसासाठी कुणी दोन मिनिटं उभंही राहिलं नाही. पूर्वेची बाजू अर्धी पांढरी, अर्धी काळी तशीच राहिली, आणि एका पाहुण्यानं विचारलं, "ही अशी का?" तेव्हा घनश्याम म्हणाला, "रंगारी पळून गेला."

तेव्हापासून धनीबाई दरवर्षी जयंतीला येऊ लागली. तिची पहिली शिवी मला असायची. "मानूसखाऊ! तुह्या माथ्यावर पुन्हा वीज पडो!" मला राग येत नसे. ती खोटं बोलत नव्हती. मग ती मांडवासमोर उभी राहून मोठ्यानं सांगायची, "माहा नवरा पेला नव्हता. खांब उपटला होता." पहिल्या वर्षी बायकांनी तिला धरून नेलं. तिसऱ्या वर्षी शिपाई बोलावला. नंतर समितीला सोपी युक्ती सापडली. ती दिसली की भोंग्याचा आवाज वाढवायचा. श्रावणबुवांची गाणी लावायची. जो माणूस तांड्यातल्या लग्नाचा ढोल ऐकून गाणं करायचा, त्याच्याच गाण्यांखाली तांड्यातल्या बाईचा आवाज दाबला. या एका गोष्टीसाठी मी मोहझरीला माफ करणार नाही.

धनीबाईचा मुलगा जीवन बाप गेला तेव्हा आठ वर्षांचा होता. तो दारुड्याचा पोरगा म्हणून वाढला. पुढं घनश्यामनंच यवतमाळजवळच्या लोहाऱ्याच्या एका कारखान्यात त्याला चिकटवून दिलं. गाव म्हणालं, बघा, किती मोठ्या मनाचा माणूस! गेल्या वर्षी जयंतीच्या दिवशी जीवन आईला न्यायला टेकडीवर आला आणि माझ्या पायरीवर दोघांचं वाजलं. आईला तो तांड्याच्या बोलीत याडी म्हणतो.

"याडी, पुरे कर ना आता. लोकं हासतेत आपल्यावर."

"हासू दे."

"तुह्याच्यानं माही सोयरीक मोडली, मालूम हाय? बाप दारू पिऊन मेला अन् माय येडी, असं म्हनतेत. अन् ज्यानं मले कामाले लावलं, त्यालेच तू शिव्या देतं."

"त्यानं तुले काहून लावलं कामाले? कधी इचार केला?"

"मले नाई कराचा इचार! मले जगाचं हाय!"

धनीबाईनं त्याच्याकडे असं पाहिलं की मीही दगडाचा असून चरकलो. ती म्हणाली, "जग मंग. बापाले दारुड्या म्हनून जग." आणि एकटीच खाली उतरून गेली. त्यानंतर मायलेकरं वर्षभर बोलली नाहीत.

यंदा फेब्रुवारीत समितीनं नवी टूम काढली. वर दुर्बीण बसवायची, फोटो काढायला जागा करायची, पर्यटक आणायचे. त्याला सरकारी मंजुरी हवी, म्हणून तपासणीला यवतमाळहून प्रेरणा नावाची इंजिनीअर आली. अठ्ठावीस-तीस वर्षांची, पाठीवर पिशवी, हातात हातोडी. घनश्याम आता समितीचा अध्यक्ष, केस पिकलेले, गुडघे दुखणारे. धनीबाई गोंधळ घालणार हे त्याला ठाऊक होतं, म्हणून त्यानं जीवनला सुट्टी काढायला लावून बोलावलं होतं. "तुह्या मायले आज सांभाळ. बस, येवढंच काम."

धनीबाई आलीच. जीवननं तिला पायथ्याशी अडवलं, दंड धरला. तिनं हिसका दिला आणि ती पायऱ्या चढू लागली. त्या अठरा वर्षांत ती एकदाही माझ्या माथ्यावर आली नव्हती. प्रत्येक पायरीवर थांबत, भिंतीला हात न लावता चढली. मागून जीवन. "याडी, चाल ना खाली. याडी!"

वर प्रेरणा कठडा हलवून पाहत होती. पहिला खांब, दुसरा. मग ती पश्चिमेकडं वळली.

धनीबाई धापा टाकत म्हणाली, "मॅडम, तिसरा पाहा."

"या कोण?" प्रेरणानं विचारलं.

घनश्याम हसला. "तांड्यातली हाय. डोक्यावर परिनाम झालेला हाय बिचारीच्या. जीवन, ने रे इले."

जीवननं पुन्हा दंड धरला. धनीबाई ओरडली नाही. तशीच उभी राहिली आणि म्हणाली, "मले खाली फेकून द्या लागन त फेका. पन मॅडम, तिसरा पाहा."

प्रेरणा माघारी वळली. मग तिनं गुडघे टेकले आणि तिसऱ्या खांबाच्या बुडाशी हातोडी मारली. आवाज पोकळ आला. छिन्नीनं सिमेंटचा पापुद्रा उडवला. खाली दुसरा थर, वेगळ्या रंगाचा, फुटलेला. त्याच्याखाली माती आणि विटकर. तिनं खांब बाजूला रेटून भोकात बोट घातलं, चार बोटांवर तळ लागला. खांबाचं बूड एका बाजूला दाबलं जाऊन वाकलेलं होतं.

ती म्हणाली, "हा खांब एकदा उपटून पडलेला आहे. पडताना बूड वाकलंय. नंतर पुन्हा बसवलाय. कधी बसवला?"

खाली रानात कुणाच्या तरी बकऱ्या ओरडत होत्या.

"मी विचारतेय, कधी बसवला?"

जीवनचा हात आईच्या दंडावर होता. तो त्यानं काढून घेतला. तो म्हणाला, "माहा बाप पडला त्या दिवशी."

"जीवन," घनश्याम म्हणाला, "इचार करून बोल. लोहाऱ्याले म्याच लावलं तुले. एक फोन केला त..."

"करा फोन." जीवनचा आवाज फाटला. "आत्ता करा. माह्या समोर करा. माही माय अठरा वर्ष हेच सांगून राह्यली अन् म्या तिले येडी म्हनलं. माह्या तोंडानं म्हनलं!"

घनश्यामचा जिभेवरचा ताबा सुटला. "मंग काय करा लागत होतं? दुसऱ्या दिवशी पाहुने येनार होते! खड्डा तसाच उघडा ठेवला असता काय?"

बोलून गेल्यावर त्याला कळलं. तो कठड्याला टेकायला गेला आणि तिसरा खांब पाहून हात मागे घेतला.

धनीबाई प्रेरणाकडं वळली. "लिव्हा मॅडम. तो काय बोलला ते लिव्हा."

"आजी, मला दगडाचं आणि लोखंडाचं लिहिता येतं. माणूस काय बोलला ते माझ्या कागदात बसत नाही."

"मी आजी नाई. पन्नास वर्साची हाय." धनीबाई कडक बोलली. "दगडाचं लिव्हता ना? मंग दगडाचंच लिव्हा. पन खरं लिव्हा."

प्रेरणानं तिथंच बसून लिहिलं. खांबाची खोली चार बोटं, बुडाशी माती, खांब पूर्वी निखळून पडलेला व नंतर वरवर बसवलेला. धनीबाईला वाचता येत नाही. तिनं ते तीनदा वाचून घेतलं. तिसऱ्यांदा वाचलं तेव्हा ती खाली बसली आणि डोक्यावरचा पदर तोंडात कोंबून रडली. जीवन शेजारी उकिडवा बसला. तिला हात लावायची त्याची हिंमत झाली नाही, आणि तिनंही त्याला जवळ घेतलं नाही.

पुढचं ऐका, म्हणजे मला माणसं का आवडत नाहीत ते कळेल. अहवाल गेला, मी धोकादायक ठरलो, दाराला कुलूप लागलं. दुर्बीण नाही, पर्यटक नाहीत. गाव घनश्यामवर चिडलं नाही, धनीबाईवर चिडलं. एका बाईनं गावाचं वाटोळं केलं, म्हणाले. तिच्या बकऱ्यांना टेकडीवर चरायची मनाई झाली. जीवनचं काम आठवड्यात सुटलं. पोलिसांचा एक साहेब येऊन पायरीवर बसून म्हणाला, "अठरा वर्षं झाली, आता काय उकरता?" घनश्यामनं तब्येतीचं कारण सांगून अध्यक्षपद सोडलं. माफी मागितली नाही. मागणारही नाही.

जीवन मात्र थांबला नाही. अहवालाची नक्कल घेऊन तो यवतमाळला तीन वेळा गेला. पंचनाम्यातला दारूचा शेरा काढावा, एवढाच अर्ज. तो निकाल अजून लागायचा आहे. पण तांड्याचा कारभार पाहणाऱ्या नायकासमोर सगळे जमले तेव्हा त्यानं उभं राहून सांगितलं, माझा बाप पिऊन पडला नाही. तांड्यातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या बिजलीबाईनं सगळ्यांदेखत धनीबाईपुढं हात जोडले. हे मला वाटेनं जाणाऱ्या त्या मायलेकरांच्याच बोलण्यातून कळलं. आता ती दोघं बोलतात. फार नाही, पण बोलतात.

परवा गावातले काही जण कागद घेऊन वर आले. वरचा मजला पाडायचा सरकारचा विचार आहे. त्याविरुद्ध सह्या गोळा करणं चालू होतं. ऐतिहासिक मनोरा वाचवा, बुवांची आठवण वाचवा. टेकडीच्या वाटेवर धनीबाई मोळी घेऊन चालली होती. विमलताई नावाच्या निवृत्त मास्तरीणबाई त्यांच्यात होत्या. त्यांनी तिला थांबवलं. "धनीबाई, तुमचा अंगठा द्या. माणूस तुमच्या घरचा गेला, तुमचाच अंगठा असला की सरकार ऐकेल. झालं गेलं विसरा."

धनीबाईनं मोळी खाली ठेवली नाही. म्हणाली, "मले कायले इचारता ताई? मी याले पाडा म्हनत नाई अन् ठेवा म्हनत नाई. मी याच्या तोंडाकडं पाहात नाई." आणि गेली.

तिनं सांगितलं नाही, म्हणून मी सांगतो. माझा वरचा मजला उतरवा. श्रावणबुवांना एवढी उंची लागत नव्हती, ते खाली गवतात बसून पाहायचे. माझे दगड चांगले आहेत. कुणाच्या विहिरीला बांधा, शाळेच्या ओट्याला लावा. पण पूर्वेकडचा, चार बोटं भोक असलेला तो एक दगड कुठंही लावू नका. तो माझ्या पायथ्याशी तसाच ठेवा, भोक वर करून, आणि येणाऱ्या प्रत्येकाला त्यात बोट घालायला सांगा. बोटं मोजायला सांगा.